कूलरच्या मोटरवर एम ५१ : गच्चीवरच्या नोंदी

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

ठरलं. यंदाच्या उन्हाळ्यात एम ५१ या दीर्घिकेचा फोटो काढायचा. दुर्बीण नाही, विकतचं माउंटही नाही. पृथ्वी फिरते तसा कॅमेरा उलट फिरवणारं यंत्र बाजारात मिळतं, पण हिंगणा रोडला लेथ चालवणाऱ्या माणसानं एक बिजागरी आणि एक स्क्रू फिरवायला पैसे मोजावेत, हे मनाला पटत नाही.

सामान : एक जुना १८ मेगापिक्सेल कॅमेरा. ओळखीच्या एकांनी फोटो स्टुडिओ बंद केला, त्यांच्याकडून आलेला २०० मिमी एफ ४ लेन्स. वर्कशॉपमधला १८ मिमी प्लाय. बाकी भंगार.

एम ५१ ही सर्पिल दीर्घिका श्यामशबल तारकासंघात आहे, पण श्यामशबल कोण ओळखतो! सप्तर्षीच्या शेपटीचा शेवटचा तारा मरीची, त्याच्यापासून साडेतीन अंशांवर ही बसली आहे. प्रत (तेजाचं माप, आकडा मोठा तेवढं तेज फिकट) ८.४, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसायची नाही. रुंदी साधारण ११ कला (अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला), पौर्णिमेच्या चंद्राच्या एक तृतीयांश. माझ्या लेन्सवर ती जेमतेम १५० पिक्सेल भरेल. पासपोर्ट फोटोतल्या डोळ्याएवढी.

तरी तीच का? एक तर ती आपल्याकडे तोंड करून आहे, वळसे सरळ दिसतात. दुसरं, नागपूरहून ती उत्तरेला ६४ अंश उंच चढते, म्हणजे शहराच्या क्षितिजावरच्या उजेडातून बरीच वर निघते. तिसरं कारण लिहायला बसलो तर आजची नोंद संपणार नाही. ते नंतर.

२३ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस वहीतच गेला. दोन फळ्या, वरच्या फळीवर कॅमेरा, एका बाजूला बिजागरी, दुसऱ्या बाजूला एम ६ चा, म्हणजे ६ मिमी जाडीचा, फुल थ्रेड स्टड (पूर्ण आट्यांचा दांडा). स्टड मिनिटाला एक फेरा फिरला की वरची फळी १ मिमी उचलली जाते. ताऱ्यांच्या हिशेबानं पृथ्वीचा फेरा २४ तासांचा नाही, २३ तास ५६ मिनिटांचा, म्हणजे १४३६ मिनिटं, मिनिटाला १ मिमीनं १४३६ मिमीचा परीघ. भागिले दोन पाय (२π). उत्तर २२८.६ मिमी. बिजागरीच्या पिनच्या मध्यापासून स्टडच्या मध्यापर्यंत एवढं अंतर ठेवलं की काम झालं.

सवयीनं व्हर्नियर घेतलं आणि शतांशापर्यंत मापं टाकायला लागलो. मग म्हटलं, आधी चूक किती परवडते ते तर बघू. अंतर १ मिमीनं चुकलं तर ३० सेकंदांच्या फोटोत तारा पिक्सेलचा तिसरा हिस्साही सरकत नाही. म्हणजे सुताराची पट्टी पुरे. तीस वर्षं शंभराव्या भागासाठी गिऱ्हाइकाशी भांडणाऱ्या माणसाला हे पचायला जरा जड गेलं.

९ मार्च, रविवार

मोटर मिळाली, आपल्याच कूलरमधून. झडपा डोलवणारी ती चपटी सिंक्रोनस मोटर असते ना, तीच. तिच्यावर ‘५/६ आरपीएम’ छापलेलं असतं. दोन आकडे कशाला, तर ५० हर्ट्झला पाच फेरे आणि ६० हर्ट्झला सहा. आपल्याकडे ५०, म्हणजे मिनिटाला पाच फेरे, आणि तेही विजेच्या ठोक्याला बांधलेले. व्होल्टेज वरखाली झालं तरी वेग बदलत नाही. भंगारातल्या झेरॉक्स मशीनचे १२ आणि ६० दातांचे गिअर लावले. पाचाचा एक झाला.

घरी कळलंय. “कूलर लावायच्या आत परत पाहिजे,” एवढंच वाक्य आलं. होळीनंतर कूलर निघतात. म्हणजे दुसरी मोटर आणावी लागणार.

२२ मार्च, शनिवार

पहिली रात्र. चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणार होता. भाचा मदतीला आला. दहाच्या सुमाराला सप्तर्षी ईशान्येला चांगले वर आले होते.

आधी मोटर बंद ठेवून ३० सेकंदांचा फोटो घेतला. ताऱ्यांच्या रेघा आल्या, मोजल्या तर ७० पिक्सेल. हिशेबात बसतं. मग मोटर चालू केली आणि पुन्हा ३० सेकंद. आता रेघा दिसायला नकोत. आल्या. पण ७० च्या नाही, १४० च्या!

दहा मिनिटं मी गिअर तपासत बसलो. दात मोजले, परत मोजले. भाच्यानं फळीखाली वाकून बघितलं आणि म्हणाला, “मामा, हे तं उलटं चालून राहिलं. फळी खाली चालली नं!”

खरंच. ही मोटर चालू होताना कोणत्या बाजूला फिरेल याचा नेम नसतो. बटण बंद करून पुन्हा दाबलं की कधी डावीकडे, कधी उजवीकडे. कूलरला त्यानं काही बिघडत नाही, क्रँक कुठूनही फिरला तरी झडपा डोलतातच. म्हणून तर ती स्वस्त असते. आपल्याला मात्र एकच बाजू हवी.

या मोटरची एक खोड कामाची निघाली : अडली की ती उसळते आणि उलट दिशा पकडते. मोठ्या गिअरवर पितळी पट्टीची एक खिटी बसवली, चुकीच्या बाजूनं आलं की दात अडेल अशी. वीस वेळा बटण दाबून पाहिलं. दर वेळी फार तर एक टक् आवाज, आणि स्वारी बरोबर दिशेला.

तेवढ्यात अकरा वाजले आणि खालून जेवणासाठी तिसरी हाक आली. फोटो शून्य.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

बिजागरीची पिन आकाशाच्या ध्रुवाकडे रोखलेली हवी, नाहीतर सगळं मुसळ केरात. नागपूरला ध्रुवतारा फक्त २१ अंशांवर असतो. आणि आमच्या गच्चीवरून बरोबर २१ अंशांवर आहे शेजारच्या काकांची हजार लिटरची टाकी.

होकायंत्र आणलं. स्लॅबमधल्या सळयांनी त्याचं डोकं फिरवलं. इथे ठेवलं तर एक उत्तर, चार पावलं सरकलं तर दुसरी. बांधकामाच्या गच्चीवर होकायंत्र ठेवू नये हे कुणी आधी सांगायला हवं होतं.

मग आज सकाळी गुढी उभारताना सुचलं. सूर्य डोक्यावरून जाताना उभ्या वस्तूची सावली खऱ्या उत्तरेला पडते. पण घड्याळातले बारा म्हणजे सूर्याचे बारा नव्हेत. आपली घड्याळं ८२.५ रेखांशाची, नागपूर ७९.१ वर, म्हणून साडेतेरा मिनिटं उशीर. वर आजच्या तारखेला सूर्य स्वतःच साडेचार मिनिटं मागे. बेरीज केली : १२ वाजून १८ मिनिटं.

गुढीची काठी तिरपी, तिची सावली उपयोगाची नाही. तिच्या शेजारी ओळंबा टांगला, पितळी भोवरा बादलीतल्या पाण्यात सोडला म्हणजे डोलणार नाही, आणि १२ वाजून १८ मिनिटांनी दोरीच्या सावलीवर लाल ऑइल पेंटची रेघ मारली. काकू टाकीपाशी आल्या होत्या. त्यांनी विचारलं, “ही कोणती पूजा, भाऊ?” आईनं परस्पर उत्तर दिलं, “त्याची वेगळी असते.”

२१ अंशांची पाचर मी वर्कशॉपमध्ये साइन बार (कोन अचूक बसवायचं साधन) लावून कापली होती. गच्चीवर ठेवली आणि लेव्हल लावली तर बुडबुडा एका टोकाला. गच्चीला पाणी वाहून जायला उतार असतो! खाली पत्त्यांच्या चार पानांचं पॅकिंग देऊन साइन बारच्या अचूकतेला न्याय दिला.

६ एप्रिल, रविवार

काल रात्री चंद्र होता, तरी चाचणी घेतली. पहिले दहा फोटो ठिपक्यासारखे. विसाव्या मिनिटानंतरचे सगळे अंड्यासारखे.

कारण भूमितीचं आहे. स्टड सरळ आहे आणि फळी वर्तुळात उघडते. स्टड एकसारखा पुढे जातो, पण फळीचा कोन हळूहळू मागे पडतो. वीस मिनिटांत फळी ५ अंश उघडते आणि तोवर ४६ विकलांची तूट साचते. (अंशाचे ३६०० भाग केले की एक भाग म्हणजे एक विकला. माझा एक पिक्सेल ४.४ विकलांचा.) म्हणजे फेब्रुवारीत जी १ मिमीची चूक माफ होती ती माफच आहे, आणि जी आपण चूक मानलीच नव्हती ती नडली.

उपाय : स्टडच वाकवायचा, २२८.६ त्रिज्येच्या कमानीत.

१३ एप्रिल, रविवार

वाकवायला चार दिवस गेले. एम ६ स्टड प्लायच्या चकतीवर वळवला की सोडल्यावर अर्ध्या वाटेत परत येतो. स्प्रिंगबॅकचा अंदाज घेत चकती लहान करत गेलो, तिसऱ्या चकतीला कमान कागदावरच्या रेषेवर बसली. आटे आतल्या बाजूला थोडे दाबले गेले होते, डाय फिरवून साफ केले. आता स्टड वरच्या फळीत पक्का, फिरत नाही. खालच्या फळीत ६० दाती गिअरच्या पोटात नट बसवलाय, तो फिरतो आणि कमान वर ढकलतो. ग्रीस भरपूर.

पौर्णिमेचा चंद्र. आकाशाचं काम बंद. म्हणून ते तिसरं कारण लिहून टाकतो.

फ्रेंच खगोलनिरीक्षक चार्ल्स मेसियेनं १३ ऑक्टोबर १७७३ ला ही दीर्घिका पाहिली, त्याला ती फिकट धब्बा वाटली. तिला लागून असलेली धाकटी, एनजीसी ५१९५, पिएर मेशँनं १७८१ मध्ये टिपली. धब्ब्यात वळसे आहेत हे कळायला १८४५ उजाडलं. आयर्लंडमध्ये बर गावी लॉर्ड रॉसनं ७२ इंची आरशाची दुर्बीण उभारली होती. आरसा काचेचा नव्हे, तांबं आणि कथील यांच्या ओतीव धातूचा, घासून पॉलिश केलेला. माझ्यासारख्याला खरी गोष्ट इथेच सुरू होते : ओतकाम, भट्टी, तडे गेलेला माल, पुन्हा ओतणं. नळी दोन दगडी भिंतींच्या मध्ये टांगलेली, वरखाली चांगली हलायची, पण बाजूला थोडीच. तारा त्या फटीतून जाईल तेवढा वेळ बघायचं. त्या वेळात त्यानं डोळ्यांनी पाहून एम ५१ चं चित्र काढलं, आणि आकाशातली वळसेदार वस्तू पहिल्यांदा कागदावर आली. ती आपल्या आकाशगंगेसारखीच, पण बाहेरची आहे, हे मात्र त्याला माहीत असणं शक्य नव्हतं. तो निकाल १९२० च्या दशकात खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलनं देवयानी दीर्घिकेतले रूपविकारी (तेज कमीजास्त होणारे) तारे मोजल्यावर लागला.

रॉसच्या आरशाचा व्यास १८३० मिमी. माझ्या लेन्सचं तोंड ५० मिमी. त्याच्याकडे माझ्यापेक्षा १३४० पट उजेड यायचा. पण डोळा उजेड साठवत नाही, कॅमेरा साठवतो. आणि त्याच्याकडे कूलरची मोटर नव्हती. त्याच्या चित्रातले वळसे आणि दोन दीर्घिकांना जोडणारा पूल माझ्या १५० पिक्सेलमध्ये येतो का, एवढंच मला बघायचंय.

२४ एप्रिल, गुरुवार, पहाटे

गच्चीवरून ३० सेकंदांचे १२० फोटो. कमान उत्तम चालते, पाऊण तासानंतरही तारे गोल. पण फोटोत दीर्घिका म्हणजे दोन डाग, एक मोठा, एक लहान. वळसे नाहीत.

दोन शत्रू. एक, रस्त्यावरचे पांढरे एलईडी. ३० सेकंदांत आकाश दुधाळ होतं. दुसरा, नागपूरचा एप्रिल. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरालाही तव्यासारखा. गरम हवेनं तारे थरथरतात त्याचं मला काही नाही, माझा पिक्सेलच एवढा जाडा. त्रास सेन्सरचा आहे. तो दर सहाएक अंशांनी तापला की त्याचा स्वतःचा खोटा उजेड दुप्पट होतो. कॅमेऱ्याच्या नोंदीत आतलं तापमान ४१. सगळा फोटो लाल-निळ्या खसखशीनं भरलेला.

भाच्यानं कूलर गच्चीवर आणायची सूचना केली. थंड होईल हे खरं, पण लेन्सवर दमट हवा सोडायची म्हणजे आजार बरा आणि औषध वाईट. त्यापेक्षा रात्री दोनपर्यंत थांबलो, ४१ चे ३५ झाले. मग लेन्सला झाकण लावून त्याच तापमानाला ३० काळे फोटो घेतले. खोटा उजेड तेवढा त्यात उतरतो, तो नंतर वजा करायचा. याच्यानं खसखस गेली. दूध राहिलं.

शहराबाहेर जायला हवं.

२७ एप्रिल, रविवार

काल अमावस्येची आदली रात्र. भाचा, मी आणि गाडीच्या डिकीत फळ्या. जबलपूर रोडनं मनसर ओलांडलं, देवलापारच्या अलीकडे ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या वावरात मुक्काम. त्या बाजूला पेंचचं जंगल. पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये भारतातला पहिला डार्क स्काय पार्क ठरला. रात्रीचा अंधार राखायचा म्हणून तिथल्या गावांतले दिवेही बदलले. वावर पार्कात येत नाही, पण अंधाराला कुंपण नसतं. दक्षिणेला नागपूरचा उजेड पसरलेला, उत्तरेला काळं.

ध्रुव उघड्यावर! बॉलपेनची रिकामी नळी बिजागरीला टेपनं चिकटवली आणि तिच्यातून ध्रुव धरला. तो खऱ्या ध्रुवबिंदूपासून पाऊण अंशाच्या आतच आहे, आपल्याला चालतो.

वावरात वीज नव्हती. गाडीची बॅटरी आणि छोटा इन्व्हर्टर. साडेदहाला पहिले फोटो : तारे पुन्हा अंडाकृती, सगळे एकाच बाजूला दीड पिक्सेल ओढलेले. कमान? नाही. ध्रुव? नाही. शेवटी मल्टिमीटर इन्व्हर्टरला लावला. ५१.१ हर्ट्झ. घरच्या विजेचा ठोका ५० ला घट्ट, हा पठ्ठ्या जोरात धावत होता, आणि मोटर इमानानं त्याच्यामागे. तिथे दुरुस्ती शक्य नव्हती. फोटो ३० ऐवजी २० सेकंदांचे केले, ओढ एका पिक्सेलवर आली. चालवून घेतलं.

शेतकरीदादा बाजेवर बसून बघत होते. “भाऊ, कायचा फोटो काढून राहिले? तिथं तं काहीच नाही.” मी सप्तर्षीकडे बोट केलं. ते म्हणाले, “ते तं खाटलं. म्हातारीचं. अन् मागचे तीन चोर.” चौकोन म्हणजे खाट आणि शेपटीचे तीन तारे म्हणजे ती ओढून नेणारे चोर. मग सांगणं सोपं झालं : शेवटच्या चोराच्या पायाशी. त्यांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक फोटो पाहिला. त्यात एक करडी ठिपकुली आणि तिला चिकटलेली दुसरी. “दोन आहेत,” ते म्हणाले. मेशँला त्यासाठी १७८१ पर्यंत थांबावं लागलं होतं.

उजेड तिथून किती आधी निघाला, हेही त्यांनी विचारलं. मोजमापांनुसार अंतर २.३ ते ३.१ कोटी प्रकाशवर्षं येतं. कोटी वर्षं कशी सांगायची? मी म्हटलं, सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांचा. हा उजेड निघाला तेव्हा टेकडीचा लाव्हा थंड होऊन तेवढाच काळ, किंवा जास्तच, लोटला होता. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग रानडुकरांचा विषय निघाला, तो जास्त तातडीचा होता.

साडेअकराला एम ५१ अगदी माथ्यावर. दर वीस-पंचवीस मिनिटांनी फळी मिटवायची, पुन्हा नेम धरायचा. एक वाजेपर्यंत २१२ फोटो. परत येताना कामठी रोडला पहाटेचं पहिलं तर्री-पोह्याचं घमेलं निघत होतं. भाच्यानं दोन प्लेट खाल्ल्या. मी स्टेअरिंगला टेकून झोपलो.

४ मे, रविवार

२१२ पैकी ४१ बाद (ढकललेली फळी, एक विमान, बरेच माझे धक्के). उरले १७१, एकूण ५७ मिनिटांचा उजेड. भाच्याच्या लॅपटॉपवर डीपस्कायस्टॅकरनं एकावर एक रचले. १७१ चं वर्गमूळ तेरा. एका फोटोपेक्षा चित्र तेरापट स्वच्छ.

ताणून मोठं केलं. दोन वळसे आहेत. एक केंद्राच्या खालून निघून डावीकडे वळतो, दुसरा वर जातो आणि एनजीसी ५१९५ च्या दिशेनं पातळ होत जातो. पूल? मला दिसतो. भाचा म्हणतो, “मामा, तुम्हाला माहीत आहे म्हणून दिसून राहिला.” त्याचं म्हणणं मी खोडू शकलो नाही.

तो पूल खरा आहे. १९७२ मध्ये तूमर बंधूंनी संगणकावर दोन दीर्घिका एकमेकींजवळून जाऊ दिल्या, तेव्हा गुरुत्वाच्या ओढीनंच असे पूल आणि शेपट्या निघाल्या. पण माझ्या फोटोत तो आहे का, हा वेगळा प्रश्न. म्हणून आईला काही न सांगता फोटो दाखवला आणि जे दिसतं ते पेन्सिलीनं काढ म्हटलं. तिनं एक जिलबी काढली, शेजारी एक बुंदी, आणि दोन्हींच्या मध्ये एक बारीक रेघ. रेघ का काढलीस, विचारलं. “पाक ओघळलाय.”

हा पुरावा म्हणून वहीत चिकटवलाय.

पुढच्या वर्षासाठी : १) इन्व्हर्टर ५० हर्ट्झचा, किंवा मोटरला क्रिस्टलचं सर्किट. २) जास्त फोटो, निदान चारशे. ३) दर महिन्याला एक फोटो. १९९४, २००५ आणि २०११ अशा तीन वर्षी एम ५१ मध्ये अतिनवतारे स्फोटले. २०११ चा बाराव्या प्रतीच्या आसपास गेला होता, तेवढं माझ्या फळ्यांना पकडता येतं असं आजचं चित्र सांगतं.

२६ मे, सोमवार

नवतपा (उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस) कालपासून लागला, सूर्य रोहिणीत. पण यंदा तपतोय कसला, आभाळच भरून आहे. एम ५१ आता रात्री साडेनऊलाच माथ्यावर येते आणि दहा दिवसांत एकदाही दिसलेली नाही. फळ्या तेल लावून वर्कशॉपच्या माळ्यावर ठेवल्या. नवी मोटर फळीलाच राहिली. जुनी कूलरला मार्चमध्येच परत गेली, तशी ताकीद होती.

आज नागपूरचा शून्य सावलीचा दिवस. सूर्य अगदी डोक्यावर, १२ वाजून ११ मिनिटांनी. पाडव्याची लाल रेघ उन्हानं फिकट झालीये, तिच्यावरच ओळंबा टांगला. भाचा घड्याळ धरून उभा. १२ वाजून ११ मिनिटांना आभाळ गच्च. दोरी, भोवरा, बादली, कशाचीच सावली नाही.

“मामा,” तो म्हणाला, “सावली पडली नाही. म्हणजे हिशेब बरोबरच निघाला नं?”